‘एका तासात’ म्हणजे नेमकं किती? अर्जन सिंग समजून घेताना

ग्वाल्हेरला आलेल्या पाहुण्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. गच्चीवर दोन माणसं बोलताबोलता एकदम गप्प झाली, तर भांडण झालं असं समजायचं नाही. वरून मिराज हे लढाऊ विमान चाललंय. ते गेलं की वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू. माझ्या सासूबाई कुरडया घालताना सोऱ्या धरलेला हात तसाच अधांतरी ठेवायच्या आणि आवाज ओसरला की राहिलेला वेढा पुरा करायच्या. त्यांनी कधी वर मान करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

या सुट्टीत पुण्याहून माझा भाचा आला, आठवीतला. त्याला मात्र दर वेळी धावत जाऊन विमान बघायचं असे, आणि दर वेळी ते निघून गेलेलं असे. शाळेने त्याला प्रकल्प दिला होता: युद्धात नाव कमावून नंतर देशसेवा केलेली एक व्यक्ती. त्याने हवाई दलाचे माजी प्रमुख मार्शल अर्जन सिंग निवडले. का, तर इंटरनेटवर फोटो छान मिळतात. दाढी, पगडी, छातीवर पदकांच्या रांगा. पहिलाच प्रश्न आला, “मावशी, मार्शल ही जीप होती ना?”

हसले खरी, पण चूक त्याची नव्हती. भिंड-मुरैनाच्या रस्त्यांवर माणसं टपावर बसवून धावणाऱ्या महिंद्राच्या मार्शल आम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या आमदारांना उचलून बाहेर नेतात तेही मार्शल. सैनिकावर खटला चालतो ते कोर्ट मार्शल. (त्यातलं मार्शल इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचं, वेगळ्या अर्थाचं आहे. देवनागरीत आणून आपण दोघांना जुळं करून टाकलंय.) तेव्हा आधी हा गुंता सोडवू.

हवाई दलात अधिकारी फ्लाइंग ऑफिसरपासून वर चढत जातो: फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर. त्याच्या वरच्या तीन पायऱ्यांच्या नावात मार्शल येतं. एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, आणि सगळ्यात वर एअर चीफ मार्शल, म्हणजे हवाई दलाचे प्रमुख. इथे शिडी संपते. हा चार ताऱ्यांचा हुद्दा.

‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा पाचव्या ताऱ्याचा मान त्या शिडीवर नाहीच. तिथे चढून जाता येत नाही, सरकार बोलावून देतं. त्याला रोजचं काम नाही, कार्यालय नाही, पण निवृत्तीही नाही. हा मान मिळालेला माणूस शेवटच्या श्वासापर्यंत सेवेत असल्याचं धरलं जातं. स्वतंत्र भारतात पाच तारे फक्त तिघांना मिळाले. सॅम माणेकशा यांना १९७३ मध्ये, करिअप्पा यांना १९८६ मध्ये, हे दोघे लष्कराचे. तिसरे अर्जन सिंग, जानेवारी २००२ मध्ये. हवाई दलातून हा मान मिळालेले ते एकटेच.

यातली गंमत भाच्याने बरोबर पकडली. अर्जन सिंग १९६९ साली निवृत्त झाले होते. म्हणजे बत्तीस वर्षं निवृत्त राहिल्यावर, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांची निवृत्ती रद्द झाली! “मग मधल्या वर्षांचा पगार?” त्याने विचारलं. बँकेत नोकरी करणाऱ्या मावशीचा भाचा शोभतो. ते उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी विषय इम्फाळकडे वळवला.

एकाने खाली बघायचं, दुसऱ्याने वर

त्याआधीचं थोडक्यात. जन्म १५ एप्रिल १९१९, लायलपूरचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे, नाव फैसलाबाद. घराणं घोडदळातल्या नोकरीचं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकताना, एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयासाठी निवड झाली. डिसेंबर १९३९ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले तेव्हा महायुद्ध सुरू झालेलं होतं.

पहिली नेमणूक वायव्य सरहद्द प्रांतात, क्रमांक १ स्क्वाड्रनमध्ये. इथे आम्हा ग्वाल्हेरकरांचे कान टवकारायला हवेत. कराचीत १९३३ साली चार वापिती विमानांवर सुरू झालेली ही भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी पुढे ‘टायगर्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९८० च्या दशकात मिराज घेऊन आमच्या महाराजपुरा तळावर आली. गोला का मंदिरच्या पुढे भिंड रोडला जो तळ लागतो, तोच. म्हणजे कुरडयांचा हात अडवणाऱ्या त्या आवाजाचा आणि या पगडीवाल्या माणसाचा संबंध आहे. सासूबाईंना हे सांगायचं राहून गेलं.

वापिती हे दोन मजली पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. आजच्या मानाने उडती बैलगाडीच. त्यातून अर्जन सिंग आले हरिकेन या लढाऊ विमानावर, आणि १९४४ मध्ये ऐन पंचविशीत याच क्रमांक १ स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणून इम्फाळच्या लढाईत उतरले.

जपानी फौज ब्रह्मदेशातून मणिपुरात शिरली होती, इम्फाळला वेढा पडला होता. वीर वैमानिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आकाशातली झुंज येते. या स्क्वाड्रनचं मुख्य काम वेगळं होतं: बघून येणं. जंगलातल्या पायवाटांवर ताज्या खुणा आहेत का, नाल्यावर नवा बांबूचा पूल दिसतो का, झाडीतून धूर कुठे निघतोय, हे अगदी खालून उडत पाहायचं आणि परत येऊन सांगायचं. गरज पडली तर मारा करायचा, पण आधी बघायचं. खालच्या सैन्याला डोंगरापलीकडचं काही दिसत नसतं. त्यांचे डोळे म्हणजे ही विमानं.

हे काम विमानं जोडीने करायची. एका वैमानिकाने नजर जमिनीवर ठेवायची, दुसऱ्याने थोडं मागे-वर राहून आकाश राखायचं. खाली टक लावून बघणाऱ्याला वरून येणारं शत्रूचं विमान दिसणार नाही, ते दुसऱ्याने बघायचं. भाच्याला मी सांगितलं, दालबाजारात स्कूटरवर पत्ता शोधत जातो तसं. चालवणाऱ्याने पाट्या वाचायला लागायचं नाही, वाचल्या तर हातगाडीवर जाऊन आदळणार. पाट्या मागच्याने वाचायच्या. पुढच्याने मागच्यावर विश्वास ठेवायचा आणि मागच्याने पुढच्यावर.

या लढाईतल्या कामगिरीसाठी त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. शत्रूवरच्या हवाई मोहिमांतल्या शौर्यासाठी तेव्हा दिलं जाणारं हे मोठं पदक. आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सर्वोच्च सेनापती माउंटबॅटन यांनी इम्फाळला येऊन स्वतःच्या हाताने ते त्यांच्या छातीवर लावलं.

आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, हाच पदकधारी कोर्ट मार्शलला सामोरा गेला! केरळात एका घरावरून त्यांनी विमान फारच खालून नेलं होतं. बचाव काय, तर एका शिकाऊ वैमानिकाचं मनोधैर्य वाढवायचं होतं. प्रकल्पाच्या वहीत हे लिहायचं की नाही यावर भाचा बराच वेळ अडून बसला. मी म्हटलं, लिही. थोर माणसांची चरित्रं धुऊन इस्त्री करून ठेवण्याची आपल्याला खोडच आहे. या कहाणीत निदान एक सुरकुती राहू दे.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानांचं संचलन गेलं, त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. त्यांचं जन्मगाव मात्र आता दुसऱ्या देशात होतं. पुढची पंधरा वर्षं म्हणजे बढत्या आणि नेमणुका, त्यांची यादी देत बसत नाही. एक मात्र सांगते. १९६३ साली परदेशी हवाई दलांबरोबर एक मोठा संयुक्त सराव झाला, त्याचे प्रमुख अर्जन सिंग होते. सरावाचं नाव ‘शिक्षा’. दिल्लीकरांनी हिंदीतून ठेवलेलं, म्हणजे शिक्षण. आमच्यासारख्या दोन्ही भाषांत जगणाऱ्यांना ते वाचून हसू येतं, पण १९६२ नंतर ते नाव मराठीतूनही खोटं नव्हतं.

बटण कुणाच्या हातात असतं?

आता या लेखाचा अवघड भाग. हवाई दल प्रमुखाला वाटलं म्हणून तो लढाऊ विमानं धाडू शकतो का? नाही. विमानं त्याची, माणसं त्याची, पण ‘जा’ म्हणण्याचा अधिकार निवडून आलेल्या सरकारचा. सेनापती सल्ला देतो, मंत्री निर्णय घेतो, सेनापती तो पार पाडतो. आपल्या लोकशाहीचा हा खांब आहे, आणि शेजारच्या देशांकडे पाहिलं की तो किती भार पेलतोय ते कळतं.

विमानांच्या बाबतीत हा निर्णय जास्तच नाजूक. सीमेवर दोन तुकड्या एकमेकींवर गोळीबार करतात तोवर लढाई त्या डोंगराएवढी असते. लढाऊ विमान उतरलं की तिचा आकार बदलतो. समोरचाही विमानं काढतो, मग तळ, मग शहरं. १९६२ मध्ये चीनशी लढताना सरकारला हीच भीती वाटली. वाहतुकीची विमानं आणि हेलिकॉप्टरं राबली, पण लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली. ती वापरली असती तर काय झालं असतं, यावर आजही वाद घातले जातात. आमच्या बाड्यावरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा.

त्या पराभवानंतर संरक्षणमंत्री म्हणून नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेपासून ऐकतो. तिथे जाऊन सह्याद्रीने केलं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. एक दिवस त्यासाठी पुरेसा आहे.

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे पहाटे जम्मूच्या छांब भागात घुसले. त्यांचा रोख होता चिनाबवरच्या अखनूरच्या पुलावर. तो पूल गेला तर पलीकडच्या राजौरी-पूंछच्या बाजूच्या आपल्या फौजेची नाळच तुटणार. आपले रणगाडे थोडे आणि हलके, समोर अवजड पॅटन रणगाडे. दुपारी चारच्या सुमारास दिल्लीत चव्हाणांसमोर लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग बसले. लष्कराला हवाई मदत हवी होती. चव्हाणांनी अर्जन सिंगांना विचारलं, किती वेळात तयार व्हाल?

“एका तासात.”

चव्हाणांनी होकार दिला. ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

सगळीकडे ही गोष्ट इथेच थांबते, फटाके वाजवून. मला मात्र नेहमी वाटायचं, एक तास ही बढाई होती की हिशेब? म्हणून भाच्याला घेऊन मी आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. काका हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. वैमानिक नव्हेत. आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानाला शस्त्रं चढवणारे. पासष्ट साली ते स्वतः पाळण्यात होते, पण त्यांच्या मते काम तेच, फक्त विमानं बदलली.

काकांनी आधी भाच्यालाच विचारलं, “विमान उभं आहे म्हणजे तयार आहे का रे?” मग बोटांवर मोजत सांगायला लागले. टाकी किती भरायची? पूर्ण भरली तर शस्त्रं कमी, शस्त्रं वाढवली तर परत यायला इंधन पुरेल का? समोर रणगाडा आहे की पूल? रणगाड्याला रॉकेट लागतं. ते कोठारातून आणायचं, चढवायचं, तारा जोडून तपासायच्या. प्रत्येकाला सुरक्षेची पिन असते, लाल फीत लावलेली. ती शेवटच्या क्षणी काढायची आणि वैमानिकाला हात वर करून दाखवायची, म्हणजे त्याला कळतं की आता खेळ खरा आहे. पिना मोजून परत आल्या पाहिजेत. एक कमी आली तर विमान हलत नाही.

“आणि मग सातशे नंबर,” काका म्हणाले. सातशे नंबर म्हणजे विमानाची वही, फॉर्म ७००. ज्याने इंजिन पाहिलं त्याची सही, ज्याने शस्त्रं चढवली त्याची सही, आणि सगळ्यांच्या खाली वैमानिकाची, की विमान मी ताब्यात घेतलं. त्या वहीवरून बोट फिरवावं तसं त्यांनी टीपॉयवरून बोट फिरवलं. “याच्याशिवाय एअर मार्शल आला तरी उडणार नाही.”

त्याच वेळी दुसरीकडे वैमानिकांना नकाशा दाखवला जात असतो. आपले लोक कुठे, ते कुठे, कुठल्या रेडिओवर बोलायचं, अंधार कधी पडतो.

“हे सगळं एका तासात?” भाच्याने डोळे मोठे केले.

“छे! एका तासात काय होतंय. ते आधीच झालेलं असतं. तासात फक्त शेवटचा हात फिरवायचा.”

मला एकदम लग्नातले आचारी आठवले. यजमान विचारतो, पंगत किती वेळात बसेल? तासाभरात, असं जो आचारी शांतपणे सांगतो त्याची डाळ पहाटेच भिजलेली असते, नारळ खवलेले असतात, वाढपी कमरेला पंचा गुंडाळून उभे असतात. जो नुसताच म्हणतो त्याच्या पंगतीला दुपारचे तीन वाजतात. दोघांचं उत्तर ऐकायला सारखंच. पहाटे मुदपाकखान्यात कोण होतं, एवढाच फरक.

अर्जन सिंग ऑगस्ट १९६४ मध्ये प्रमुख झाले होते, म्हणजे त्या दुपारपर्यंत त्यांना तेरा महिने मिळाले होते. त्याआधी ते उपप्रमुख होते. इंधन, रॉकेटं, वैमानिकांचा सराव, पुढच्या तळांवर कोणती विमानं, ही सगळी न दिसणारी कामं त्या महिन्यांतली. आपण नेतृत्व म्हणून टाळ्या वाजवतो ते दोन शब्दांच्या उत्तराला. खरं नेतृत्व त्याच्या अलीकडे असतं, आणि ते इतकं कंटाळवाणं असतं की त्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

त्या तासाची किंमत

आता ते सांगते जे शाळेच्या प्रकल्पात सहसा येत नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा गेली ती १२ व्हॅम्पायर विमानं. भारताने १९४८ मध्ये घेतलेली ही आपली पहिली जेट विमानं, तोवर जुनी होऊन गेलेली. त्यांच्या धडाचा पुढचा भाग प्लायवुड आणि बाल्सा लाकडाचा. समोर पाकिस्तानची सेबर जेट विमानं, कितीतरी वेगवान. बारापैकी चार व्हॅम्पायर पडली. तिघे वैमानिक परत आले नाहीत. धूळ, धूर आणि उतरत्या उन्हात खालचा रणगाडा कुणाचा हे वरून ओळखणं कठीण, त्यामुळे काही मारा आपल्याच तुकड्यांवर झाला.

मग तो निर्णय चुकला का? मला तसं वाटत नाही. अंधार पडायला फार वेळ नव्हता, पठाणकोटहून ताबडतोब उडू शकणाऱ्या विमानांत ती होती, आणि थांबायचं म्हणजे अखनूरच्या पुलावर पाणी सोडायचं. हल्ल्याचा जोर मंदावला, पूल आपल्याकडे राहिला. त्यात हवाई दलाचा वाटा होता, खाली लढणाऱ्यांचा होता, आणि समोरच्यांनी ऐन मध्यावर सेनापती बदलला त्याचाही होता. पण त्या तासाचं बिल कुणी भरलं हे विसरून ‘एका तासात’ची टाळी वाजवणं मला जमत नाही.

पुढच्या पावलात प्रमुखाची परीक्षा होती. व्हॅम्पायर आघाडीवरून लगेच मागे घेतली गेली. पठाणकोटला नॅट आणली. इतकं चिमुकलं विमान की उभ्या माणसाने हात वर केला तर पंखाला लागावा. पण त्याचा चिमुकलेपणाच सेबरला भोवला, कारण दिसेपर्यंत ते अंगावर आलेलं असे. ३ सप्टेंबरला नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांना सेबर पाडल्याचं श्रेय मिळालं, वीरचक्र मिळालं, आणि देशभर हुरूप आला. तीन दिवसांनी पुन्हा फटका बसला: ६ तारखेला पठाणकोटवर हल्ला होऊन आपली दहाएक विमानं जमिनीवरच जळाली. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला तोवर हे असंच चाललं, एक दिवस दिलेला, एक दिवस घेतलेला.

त्याच वर्षी अर्जन सिंगांना पद्मविभूषण मिळालं. १९६६ मध्ये हवाई दलप्रमुखाचं पद चार ताऱ्यांचं केलं गेलं आणि ते भारताचे पहिले एअर चीफ मार्शल झाले. तोवर हवाई दलाचा प्रमुख लष्करप्रमुखापेक्षा एक पायरी खाली असे. एकाच टेबलाशी बसून सल्ला द्यायचा आणि खुर्ची बुटकी! हा बदल कागदावरचा दिसतो, पण युद्धाच्या खोलीत कुणाचं म्हणणं किती वजनाने ऐकलं जातं ते अशानेच ठरतं.

आणखी एक. प्रमुख असतानाही ते स्वतः विमान उडवत राहिले, निवृत्तीपर्यंत. एकूण साठाहून अधिक प्रकारची विमानं त्यांनी चालवली. काकांना यातलं हेच सगळ्यात आवडलं. “म्हणजे सातशे नंबरवर सही करणारा प्रमुख,” ते म्हणाले.

गणवेश उतरवल्यावर

१९६९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांचं वय पन्नास. १९७१ मध्ये सरकारने त्यांना स्वित्झर्लंडला राजदूत म्हणून पाठवलं, नंतर १९७४ मध्ये केनियात उच्चायुक्त. (राष्ट्रकुलातल्या देशात राजदूताला उच्चायुक्त म्हणतात. काम तेच, पाटी वेगळी.) स्वित्झर्लंड हा शांत, तटस्थ देश. केनिया मात्र सोपं नव्हतं. शेजारच्या युगांडातून इदी अमीनने १९७२ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना हाकलून दिलं होतं. पूर्व आफ्रिकेत दुकानं थाटून पिढ्या काढलेल्या माणसांच्या पोटात त्याने गोळा आला होता. अशा ठिकाणी भारताचा माणूस म्हणून बसणं म्हणजे फक्त मेजवान्यांना हजेरी लावणं नव्हे.

१९८९ च्या अखेरीपासून सुमारे वर्षभर ते दिल्लीचे नायब राज्यपाल होते. आज नायब राज्यपाल म्हटलं की मुख्यमंत्र्यांशी होणाऱ्या खेचाखेचीच्या बातम्या आठवतात. तेव्हा दिल्लीला विधानसभाच नव्हती, ती १९९३ मध्ये आली. त्यामुळे दिल्लीचा कारभार बराचसा त्यांच्याच टेबलावरून जायचा. त्यांच्याच काळात, १९९० च्या मंडल आंदोलनात, दिल्लीचे रस्ते पेटले. सत्तरीतल्या सैनिकासाठी हे अगदी उलट्या चालीचं काम. हवाई दलात प्रमुखाने सांगितलं की विमान उडतं. मुलकी कारभारात सांगितलं की फाइल उडते, एवढंच, आणि कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही. सरकारी बँकेत सत्तावीस वर्षं काढल्यावर हे मी अधिकाराने बोलू शकते.

निवृत्त सैनिकांसाठी त्यांनी केलेली गोष्ट मला या सगळ्या पदांपेक्षा जास्त जवळची वाटते. दिल्लीजवळची आपली शेती त्यांनी विकली आणि त्यातून दोन कोटी रुपये घालून हवाई दलातल्या निवृत्तांच्या कल्याणासाठी ट्रस्ट काढला. लाल फीत हातात धरून हात वर करणाऱ्या माणसांनाही म्हातारपण येतं, त्यांचेही गुडघे जातात. ते प्रमुखाच्या लक्षात राहिलं होतं. हे ऐकून काका काही बोलले नाहीत, उठून चहाचं सांगायला आत गेले.

२०१६ मध्ये, त्यांच्या सत्त्याण्णवाव्या वाढदिवशी, पश्चिम बंगालमधल्या पानागढ तळाला त्यांचं नाव दिलं गेलं. हयात असताना असा मान मिळणं ही मोठीच गोष्ट. पण लोकांच्या मनात राहिला तो त्याच्या आदल्या वर्षीचा, जुलै २०१५ मधला प्रसंग. डॉ. कलामांचं पार्थिव पालम विमानतळावर आलं होतं. शहाण्णव वर्षांचे अर्जन सिंग चाकाच्या खुर्चीतून आले, आधार घेत खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि सलाम केला. उभं राहण्यातूनही सूट मिळेल असं ते वय. पण पाच ताऱ्यांना निवृत्ती नसते हे आपण वर पाहिलंच. १६ सप्टेंबर २०१७ रोजी ते गेले.

भाच्याचा प्रकल्प झाला. शेवटच्या पानावर त्याने फॉर्म ७०० चं चित्र काढलंय, सहीच्या रकाना-रकान्यासकट, आणि तळाला स्वतःची सही ठोकलीय. आम्ही फोटोंच्या प्रिंट काढायला स्कूटरवरून निघालो तेव्हा शिंदे छावणीच्या चौकात वाहनं तुंबली होती. तेवढ्यात आवाज आला आणि मागोमाग मिराजची जोडी गेली, एक थोडं पुढे, एक मागे आणि वर. या वेळी त्याला दोन्ही दिसली. मी मान वर करणार इतक्यात मागून खांद्यावर थाप पडली.

“मावशी, तू पुढे बघ. वरचं माझ्याकडे.”